हिमयुगांचा हिशेब

हिमयुगं पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांमुळे येतात, ही कल्पना ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या सर्बियन शास्त्रज्ञ मिलुतिन मिलान्कोविच यांची ती मुळात नाही. त्यांच्या जन्माच्या 37 वर्षं आधी, 1842 मध्ये, जोसेफ आदेमार या फ्रेंच गणितज्ञाने ती छापून टाकली होती. पुढे 1864 पासून जेम्स क्रोल यांनी तिला भौतिकशास्त्राची बैठक दिली. क्रोल तेव्हा ग्लासगोच्या अँडरसोनियन कॉलेजात राखणदाराचं काम करत आणि रिकाम्या वेळी तिथल्याच ग्रंथालयात वाचत बसत. दोघांची कल्पना मोठी होती, पण भूशास्त्रज्ञांनी जमिनीतला पुरावा समोर ठेवला तेव्हा दोन्ही सिद्धांत कोसळले. मिलान्कोविच यांचा टिकला. का टिकला, हे समजून घ्यायचं तर या माणसाची सुरुवात कुठून झाली ते आधी पाहावं लागतं.

जन्म 28 मे 1879, डॅन्यूबच्या काठावरचं दाल्य हे गाव. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, आज क्रोएशियात आहे. घर सुखवस्तू सर्ब कुटुंबाचं. वडील लवकर गेले, मामांनी सांभाळ केला. ओसियेकच्या शाळेत गणिताला व्लादिमिर वारिचाक होते. सापेक्षता सिद्धांत अयुक्लिडीय भूमितीत मांडणारे म्हणून पुढे नाव झालं, ते हेच. असा शिक्षक शाळेत मिळणं हे भाग्यच. तरीही मुलगा गणिताकडे न जाता 1896 मध्ये व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकी शिकायला गेला. 1904 मध्ये दाबरेषांवरच्या, म्हणजे कमानीतून भार कोणत्या वाटेने खाली उतरतो यावरच्या, प्रबंधाला डॉक्टरेट मिळाली. मग आरसीसीची कामं करणाऱ्या व्हिएन्नातल्या एका कंपनीत नोकरी. धरणं, पूल, जलवाहिन्यांचे पूल, कारखान्यांच्या इमारती. आरसीसी तेव्हा नवंच होतं. सळई कुठे घालायची आणि किती, याची नियमावली पक्की झालेली नव्हती. मिलान्कोविच यांनी बरगड्यांच्या स्लॅबची रचना आकडेमोडीने बसवली आणि आरसीसीमध्ये अनेक पेटंटं मिळवली.

ही पाच वर्षं माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची. स्लॅब टाकणाऱ्या इंजिनिअरला "साधारण इतका भार येईल" असं म्हणून चालत नाही. किती, कुठे आणि किती टक्के चूक चालेल, हे आकड्यात सांगावं लागतं. नाहीतर सेंटरिंग काढल्यावर स्लॅब खाली येतो. आदेमार आणि क्रोल यांच्या लिखाणात नेमकी हीच शिस्त कमी पडते.

1909 मध्ये बेलग्रेड विद्यापीठाने उपयोजित गणिताचं अध्यासन देऊ केलं. पगार व्हिएन्नाच्या कमाईपुढे अगदीच किरकोळ. तरी ते गेले. यामिकी (मेकॅनिक्स), खगोलीय यामिकी आणि सैद्धांतिक भौतिकी, तिन्ही विषय त्यांच्याकडे आले. शुद्ध गणित तिथे मिहाइलो पेत्रोविच यांच्यासारख्या तयारीच्या माणसांकडे होतं. मिलान्कोविच आपल्यासाठी न नांगरलेलं शेत शोधत होते, आणि ते त्यांना हवामानात सापडलं. हवामानशास्त्र तेव्हा नोंदींचं शास्त्र होतं. हजारो ठिकाणचं तापमान वह्यांत होतं, पण सूर्यापासून निघून एखाद्या अक्षांशाच्या जमिनीपर्यंत किती उष्णता पोचायला हवी, हे गणिताने कोणी शेवटापर्यंत नेलं नव्हतं. 1912 पासून त्यांचे यावरचे लेख निघू लागले. अधूनमधून बाल्कन युद्धं होती, तिमोकच्या खोऱ्यातल्या रेल्वेसाठी आरसीसी पुलांचं कामही होतं.

आता प्रश्न काय होता तो नीट मांडतो, कारण इथेच बहुतेक लोकप्रिय लेखांत घोटाळा होतो.

पृथ्वीच्या कक्षेत तीन गोष्टी सावकाश बदलतात. एक, कक्षेची उत्केंद्रता: कक्षा कधी जवळजवळ वर्तुळ असते, कधी थोडी लांबट होते. आज उत्केंद्रता 0.0167 आहे आणि ती साधारण शून्याजवळून 0.06 पर्यंत जाते; मुख्य आवर्तनं सुमारे 1 लाख आणि 4 लाख वर्षांची. दोन, अक्षाचा कल: आज 23.44 अंश, पण 22.1 ते 24.5 अंशांमध्ये तो झुलतो, 41,000 वर्षांत एक फेरी. सध्या तो कमी होतो आहे. तीन, परांचन: भोवऱ्याची दांडी जशी फिरता फिरता गोल डुलते तसा अक्ष सुमारे 26,000 वर्षांत एक फेरा घेतो. आपल्या पंचांगात याला संपातचलन किंवा अयनचलन म्हणतात. निरयन पंचांगातली मकर संक्रांत साधारण 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकते ती यामुळेच. हवामानासाठी मात्र 26,000 हा आकडा थेट लागू पडत नाही, कारण कक्षेचा लांबट अक्षही हळूहळू फिरतो. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते तो दिवस ऋतुचक्रातून पुन्हा त्याच जागी यायला 19,000 ते 23,000 वर्षं लागतात. आज तो दिवस जानेवारीच्या सुरुवातीला येतो, म्हणजे उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्यात.

यातलं परांचन आदेमारांना माहीत होतं. त्यांचा तर्क असा: पृथ्वी सूर्यापासून दूर असताना हळू फिरते, म्हणून आज दक्षिण गोलार्धाचं थंड अर्धवर्ष उत्तरेच्या थंड अर्धवर्षापेक्षा सुमारे 7 दिवस मोठं आहे, म्हणून तिकडे बर्फ. पण केप्लरचा दुसरा नियम या तर्काच्या आड येतो. सूर्याचं ऊन अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतं, आणि पृथ्वीचा कोनीय वेगही नेमका त्याच प्रमाणात कमी होतो. दोन्ही परिणाम एकमेकांना तंतोतंत खोडतात. एका संपातापासून, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसापासून, पुढच्या संपातापर्यंत एका गोलार्धाला मिळणारी एकूण उष्णता पृथ्वी जवळ आहे की दूर, यावर अवलंबूनच राहत नाही. उत्केंद्रतेने पूर्ण पृथ्वीच्या वार्षिक उष्णतेत पडणारा फरकही अगदी थोडा: उत्केंद्रता 0.058 असली तरी जेमतेम 0.17 टक्के. एवढ्याने हिमयुग येत नाही.

म्हणजे वर्षाची बेरीज जवळजवळ तीच राहते. बदलते ती वाटणी. कोणत्या ऋतूला आणि कोणत्या अक्षांशाला किती, हा खरा प्रश्न. क्रोल यांनी वाटणीकडेच पाहिलं, पण ऋतू चुकीचा निवडला. हिवाळा जितका थंड तितका बर्फ जास्त, असं त्यांनी धरलं. त्या हिशेबाने शेवटचं हिमयुग सुमारे 80,000 वर्षांपूर्वी संपायला हवं होतं. बर्फ हटल्यावर सुरू झालेला नायगारा धबधबा किती वेगाने मागे सरकला ते मोजणाऱ्या अमेरिकन भूशास्त्रज्ञांचे आकडे 10,000 वर्षांच्या आसपास येत होते. लोकमान्य टिळकांनी 1903 च्या आर्क्टिक होम इन द वेदाज या ग्रंथात हा वाद सविस्तर तपासला आणि क्रोलचा कालखंड बाजूला ठेवून अमेरिकनांचा उचलला, कारण त्यांच्या उत्तर ध्रुवाच्या सिद्धांताला तो आवश्यक होता. गणितात मुरलेल्या टिळकांना क्रोलच्या मांडणीची किंमत कळत होती, हे त्या पानांवरून दिसतं. ध्रुवावरच्या वसतीचं अनुमान आज कोणी मानत नाही, पण हिमयुगाच्या शेवटाबद्दलची त्यांची निवड बरोबर निघाली.

जून 1914 मध्ये मिलान्कोविच यांचं लग्न झालं आणि नवरा-बायको दाल्यला गेले. तिथेच महायुद्धाने त्यांना गाठलं. सर्बियाचे नागरिक म्हणून त्यांना पकडून आधी ओसियेकच्या किल्ल्यात आणि मग नेझिदेरच्या छावणीत ठेवलं. सुटकेसमध्ये अर्धवट हस्तलिखित होतं. पहिल्याच रात्री कोठडीत ते काढून कामाला लागलो, असं त्यांनी आठवणींत लिहून ठेवलं आहे. व्हिएन्नातले त्यांचे जुने गणिताचे प्राध्यापक एमानुएल चुबर यांनी शब्द टाकला आणि वर्षअखेरीस बुडापेस्टमध्ये राहायची मुभा मिळाली. शहर सोडायचं नाही एवढीच अट. हंगेरियन अकादमीच्या ग्रंथालयाचे प्रमुख काल्मान सिली स्वतः गणिताचे जाणकार. शत्रुराष्ट्राच्या या कैद्याला त्यांनी ग्रंथालयाचं दार उघडून दिलं. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. पुढची चार वर्षं तिथे जे काम झालं त्यातूनच 1920 मध्ये पॅरिसच्या गोतिए-व्हिलार्सने छापलेला फ्रेंच ग्रंथ निघाला.

मधल्या काळात, 1916 मध्ये, त्यांनी तीच समीकरणं मंगळाला लावली. मंगळावर कालवे खणणारे प्राणी असतील अशी चर्चा तेव्हा रंगात होती. समीकरणांतून जमिनीचं सरासरी तापमान उणे 17 अंश सेल्सिअस आणि हवेच्या खालच्या थराचं उणे 45 आलं. निरीक्षणाच्या आधाराने फार थोडं माहीत असलेल्या ग्रहाबद्दल कागदावरून काढलेला हा निष्कर्ष. कालव्यांत पाणी वाहण्याची आशा त्यात फारशी उरत नव्हती.

1922 च्या सप्टेंबरात हॅम्बुर्गहून पत्र आलं. लिहिणारे व्लादिमिर क्योप्पेन, ज्यांचं हवामान वर्गीकरण आजही भूगोलाच्या पुस्तकांत असतं. क्योप्पेन आणि त्यांचे जावई आल्फ्रेड वेगेनर, भूखंड सरकतात म्हणणारे, प्राचीन हवामानावर पुस्तक लिहीत होते. पत्रव्यवहारात मिलान्कोविच यांनी नेमका प्रश्न विचारला: बर्फ साठायला कोणता ऋतू निर्णायक? क्योप्पेन यांचं उत्तर होतं, उन्हाळा. उच्च अक्षांशांवर हिवाळ्यात बर्फ पडायचंच. थंडी आणखी वाढली म्हणून ते जास्त पडत नाही, उलट हवा कोरडी होते. पडलेलं बर्फ उन्हाळ्यात वितळून जातं की शिल्लक राहतं, यावर सगळं ठरतं. थोडंसं शिल्लक राहिलं की पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो आणि पुढच्या वर्षीची शिल्लक वाढते. थंड उन्हाळ्याला हव्यात या गोष्टी: अक्षाचा कल कमी, पृथ्वी उत्तरेच्या उन्हाळ्यात सूर्यापासून दूर, आणि त्या वेळी उत्केंद्रता मोठी.

मग आकडे. 55, 60 आणि 65 उत्तर अक्षांश, मागची 6,50,000 वर्षं. सकाळपासून रात्रीपर्यंत 100 दिवस हे काम चाललं, सगळं हाताने. त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे.

पहिली अडचण ऋतूंच्या लांबीची. संपातांनी बांधलेला उन्हाळा कधी 186 दिवसांचा, कधी त्याहून कमी. लांबीच बदलत असेल तर दोन काळांतल्या उन्हाळ्यांची तुलना कशाशी करायची? शिवाय वर पाहिलं तसं संपातांमधली बेरीज सूर्यापासूनच्या अंतराला दाद देत नाही. मिलान्कोविच यांनी वर्षाचे दोन सारख्या लांबीचे भाग पाडले: उन्हाळी भागातल्या कोणत्याही दिवशी हिवाळी भागातल्या कोणत्याही दिवसापेक्षा जास्त ऊन पडलं पाहिजे, एवढी एकच अट. या औष्णिक अर्धवर्षांनी लांबीचा गोंधळ एका फटक्यात काढून टाकला. दुसरी युक्ती एककांची. सूर्याच्या उष्णतेचा सौर स्थिरांक तेव्हा पक्का ठाऊक नव्हता, म्हणून त्यांनी तो 1 धरला आणि वर्ष 1,00,000 भागांत वाटलं. पुढे स्थिरांकाची किंमत सुधारली तरी कोष्टकं पुन्हा करायची गरज नाही.

एवढं झाल्यावर प्रत्येक प्राचीन तारखेसाठी खगोलशास्त्रीय तक्त्यांतून तीन संख्या घ्यायच्या: उत्केंद्रता, अक्षाचा कल आणि सूर्याजवळच्या बिंदूची दिशा. उन्हाळी अर्धवर्षातला फरक दोन पदांची बेरीज होऊन येतो. एक पद कलातल्या बदलाचं. ते दोन्ही गोलार्धांत सारखं चालतं आणि ध्रुवांकडे जोरदार असतं. दुसरं उत्केंद्रता गुणिले दिशेची ज्या (साइन). ते दोन गोलार्धांत उलट चिन्हाने येतं आणि विषुववृत्ताकडे वरचढ होतं. हिवाळ्याचं सूत्रही याच दोन प्रकारच्या पदांचं, त्यात परांचनाच्या पदाचं चिन्ह उलट. शेवटी निकाल भूशास्त्रज्ञांना समजेल अशा रूपात मांडला: त्या काळी 65 अंशांवर जितकं ऊन पडत होतं, तितकं आज कोणत्या अक्षांशावर पडतं? आलेखावर 65 ची रेषा ध्रुवाकडच्या अक्षांशांकडे सरकली की थंड उन्हाळे. 1924 मध्ये तो आलेख क्योप्पेन-वेगेनर यांच्या पुस्तकात छापला गेला. पेंक आणि ब्र्युक्नर या अभ्यासकांनी आल्प्समध्ये ओळखलेल्या ग्युंझ, मिंडेल, रिस आणि व्युर्म या चार हिमकालांशी त्यातले थंड उन्हाळ्यांचे काळ जुळतात, असं क्योप्पेन यांना दिसलं.

त्या दोन पदांमधला फरक आपल्या पावसालाही लागू होतो. खालच्या अक्षांशांवर परांचनाचं पद मोठं. सुमारे 9,000 ते 11,000 वर्षांपूर्वी पृथ्वी उत्तरेच्या उन्हाळ्यात सूर्याजवळ असायची, आशियाची जमीन अधिक तापायची आणि मोसमी पाऊस आजच्यापेक्षा जोरदार होता. जॉन कुट्झबाख यांनी 1981 मध्ये संगणकाच्या प्रतिकृतीतून हे दाखवलं, आणि प्राचीन तलावांच्या गाळाने ते उचलून धरलं.

या सगळ्यात 1923 चं कॅलेंडर थोडक्यात सांगतो, कारण त्यातही तीच सवय दिसते. कॉन्स्टँटिनोपलच्या ऑर्थोडॉक्स परिषदेत सर्बियाच्या वतीने ते गेले होते. त्यांचा नियम असा: शतकी वर्षाला 900 ने भागून बाकी 200 किंवा 600 उरली तरच ते लीप. म्हणजे 900 वर्षांत 218 लीप वर्षं, आणि वर्षाची सरासरी लांबी 365.24222 दिवस. खऱ्या सौर वर्षापासून चूक वर्षाला दोन-तीन सेकंदांची. ग्रेगोरियनमध्ये ती 27 सेकंदांच्या आसपास आहे. 2000 आणि 2400 दोन्ही पद्धतींत लीप. पहिला फरक 2800 मध्ये पडेल. काही ऑर्थोडॉक्स चर्चनी हे स्वीकारलं. सर्बियाच्या चर्चने स्वीकारलं नाही.

1924 च्या आलेखावर मिलान्कोविच थांबले नाहीत. आकड्यांचा पाया जुन्या तक्त्यांचा होता, आणि त्या तक्त्यांत ग्रहांची वस्तुमानं जुनी होती. पृथ्वीची कक्षा गुरू, शुक्र, शनी यांच्या ओढीने बदलते. वस्तुमान थोडं चुकलं की आवर्तनाचा वेग थोडा चुकतो, आणि लाखो वर्षांत ती चूक साठत जाऊन उन्हाळे भलत्याच सहस्रकात जाऊन बसतात. बेलग्रेड वेधशाळेचे व्होयिस्लाव मिश्कोविच यांनी सुधारित वस्तुमानांवर हा भाग नव्याने गणला. त्यावर सगळं पुन्हा बांधून, बर्फाच्या परावर्तनाचा आणि हिमरेषेच्या उंचीचा हिशेब जोडून, 1941 मध्ये सर्बियन अकादमीचा 600 हून अधिक पानांचा जर्मन ग्रंथ तयार झाला. 6 एप्रिल 1941 ला जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बाँब टाकले, त्यात छापखाना गेला. बाकीचे फर्मे, म्हणजे छापून झालेले ताव, गोदामात सुरक्षित होते. शेवटचा फर्मा तेवढा पुन्हा छापावा लागला. मे महिन्यात भूशास्त्र शिकलेले जर्मन अधिकारी फ्रायबुर्गच्या प्राध्यापक सर्गेल यांचा निरोप घेऊन आले, आणि ग्रंथाची एक प्रत मिलान्कोविच यांनी त्यांच्याकडे सोपवली.

युद्धानंतर पुरावा उलटा फिरला. रेडिओकार्बनने तारखा मिळू लागल्या. इलिनॉयमधल्या फार्मडेल इथला कुजक्या वनस्पतींचा थर 25,000 वर्षांपूर्वीचा निघाला. तो उबदार काळाची खूण मानला गेला, आणि आलेखावर तर तिथे थंड उन्हाळा होता. अशा काही विसंगती जमल्यावर 1950 च्या दशकात बहुतेक भूशास्त्रज्ञांनी सिद्धांत सोडून दिला. मिलान्कोविच 12 डिसेंबर 1958 ला बेलग्रेडमध्ये वारले, तेव्हा वारं त्यांच्या विरुद्धच होतं. खरी अडचण पुराव्याची होती. जमिनीवर नवी हिमनदी जुनीच्या खुणा खरवडून टाकते, आणि रेडिओकार्बनची पोच तेव्हा सुमारे 40,000 वर्षांपर्यंतच होती. लाखो वर्षांच्या सिद्धांताची परीक्षा त्या खिडकीतून घेणं शक्यच नव्हतं.

अखंड नोंद समुद्राच्या तळाशी होती. फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म जीवांच्या शिंपल्यांत ऑक्सिजन-18 या जड ऑक्सिजनचं प्रमाण जमिनीवर किती पाणी बर्फ होऊन अडकलं आहे ते सांगतं. दक्षिण हिंदी महासागरातून काढलेल्या दोन गाळनळ्यांवर, म्हणजे तळाच्या गाळाच्या लांब उभ्या नमुन्यांवर, हेज, इंब्री आणि शॅकल्टन यांनी काम केलं. त्यांतली एक 43 अंश दक्षिणेला, सुमारे 80 अंश पूर्व रेखांशावरची. नकाशावर गोंदियातून सरळ खाली रेघ ओढली तर तिच्या जवळून जाते. 4,50,000 वर्षांच्या नोंदीत त्यांना आवर्तनं सापडली ती 1 लाख, 42,000, 23,000 आणि 19,000 वर्षांची. डिसेंबर 1976 मध्ये हे प्रसिद्ध झालं, मिलान्कोविच यांच्या मृत्यूनंतर 18 वर्षांनी.

सगळं सुटलं असं मात्र झालं नाही. 1 लाख वर्षांचं आवर्तन नोंदीत सर्वांत ठळक आहे, आणि मिलान्कोविच यांच्या गणितात उत्केंद्रतेचा स्वतःचा परिणाम सर्वांत दुबळा. दहा लाख वर्षांमागे गेलं तर नोंदीत 41,000 चाच ठेका आहे. मधे काय बदललं यावर अजून एकमत नाही. बर्फाची थरं स्वतः किती हळू वाढतात, किती लवकर कोसळतात, कार्बन डायऑक्साइड त्यात कुठे शिरतो, हे कक्षेच्या गणितातून येत नाही. मिलान्कोविच यांनी ऊन मोजलं होतं. बर्फाचं यंत्र पूर्ण सोडवल्याचा त्यांचा दावा नव्हता.

उन्हाच्या हिशेबावरचा भरवसा मात्र इतका वाढला की भूमिकाच बदलल्या. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शेवटचं उलटं झालं ते 7,30,000 वर्षांपूर्वी, असं पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने, म्हणजे खडकातल्या पोटॅशियमपासून किती आर्गॉन साठला ते मोजून, ठरलेलं होतं. 1990 मध्ये शॅकल्टन आणि सहकाऱ्यांनी समुद्रगाळाची आवर्तनं कक्षेच्या आवर्तनांशी जुळवली. जुनी तारीख धरली तर ती बसेनात, 7,80,000 धरली तर बसली. खडकांतून आर्गॉन निसटतो किंवा पूर्ण बाहेर काढता येत नाही, मग वय कमी भरतं. पुढे आर्गॉन-आर्गॉन या सुधारित पद्धतीने ज्वालामुखी खडक पुन्हा तपासले, तेव्हा त्यांचंही वय 7,80,000 च्या जवळपास आलं.